विरोधाची पाळी

आमच्या मंडळाचं पूर्ण नाव सीमाभाग कापूस बियाणे जबाबदारी मंडळ. हे नाव सांगून निपाणीच्या स्टँडवरून आजवर कुणी आमच्या ऑफिसला पोचलेलं नाही. 'किड्यांचं मंडळ' म्हटलं की रिक्षावाला मुकाट्याने वखारीच्या दारात आणून सोडतो. दारावर पाटी नाही. पाटी तयार आहे, तीन भाषांत सुरेख रंगवलेली आहे. पण कुठली भाषा सगळ्यात वर, हा प्रश्न निघाल्यापासून ती दारामागे उभी आहे आणि तिच्या आडोशाला आमची केरसुणी राहते.

किड्यांचं मंडळ हे नाव तसं खोटंही नाही. अळी मारणारा बीटी कापूस शिवारभर लावला तरी एखादी चिवट अळी जगतेच. चहूकडे तसाच कापूस असला तर तिला जोडीदारही तसाच चिवट मिळतो, आणि त्यांची पोरं मग कशालाच दाद देत नाहीत. म्हणून रानाच्या कडेला पाच ओळी साध्या कापसाच्या लावायच्या. तिथं गरीब स्वभावाच्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग चिवटांशी सोयरीक करतात आणि पुढची पिढी पुन्हा मरायला तयार होते. या ओळींना आम्ही आसरापट्टी म्हणतो. थोडक्यात, आम्ही किड्यांची लग्नं जुळवतो. गुलाबी अळी आमच्या हातून केव्हाच सुटली. हिरवी अजून ऐकते, म्हणून हा खटाटोप. हल्ली काही कंपन्या साधं बी पुडीतच मिसळून देतात, पण मंडळ पट्टीवर अडून बसलं आहे. पट्टी डोळ्याला दिसते, मिसळ दिसत नाही, असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं. हे त्यांचं म्हणणं जरा लक्षात ठेवा.

मी मधुवंती, मंडळाची सचिव. रोज बेळगावहून बसने येते, बैठका बोलावते, ठराव लिहिते, रानं फिरून पट्ट्या तपासते. मत द्यायचा अधिकार मात्र मला नाही. जिला सगळं माहीत असतं तिला मत नसावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि आमच्या घरीही ती नीट पाळली जाते.

अध्यक्ष मारुतीराव. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. एका वर्षी अळीने पूर्वेकडचं सगळं काळं रान खाल्लं, तेव्हा हा माणूस गावोगाव पायी फिरला आणि त्यातून हे मंडळ उभं राहिलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पुढे जे सांगणार आहे ते ऐकल्यावरही तो धरून राहा. त्यांची धाकटी बहीण रुक्माबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, याही मंडळावर आहेत. पट्टीचं खरं काम त्यांचंच. पुरुष सभेत मान हलवतात आणि घरी जाऊन बीटीसोबत मिळालेली साध्या बियाची पुडी म्हशीपुढे टाकतात, हे ओळखून आक्का थेट बायकांच्या दारात जातात. तिसरे केशवराव वकील, राहायला बेळगावच्या कॅम्पात, वडिलोपार्जित कापसाचं रान सौंदत्तीकडे. बाकीचे दोन-तीन जण अण्णांकडे बघून हात वर करतात, त्यांची नावं सांगून तुम्हाला त्रास देत नाही.

आणि मष्णू. मष्णू खानापूरचा भातवाला. त्याने आयुष्यात कापूस पाहिला तो उशीत. तरी तो मंडळावर आहे, कारण हैदराबादच्या शिखर संघाचा नियम असा की एक तरी सभासद इतर कुणाचा नातेवाईक नसावा. निपाणी ते बेळगाव असा माणूस शोधता शोधता आमचे जोडे झिजले. ज्याला विचारावं तो कुणाचा तरी मेहुणा नाहीतर साडू निघे. शेवटी शोध जंगलाच्या कडेला खानापुरात जाऊन थांबला. मष्णू कुणाचाच नव्हता. त्याचा एकच दोष, तो प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणायचा.

तसे आम्ही सगळेच म्हणायचो. मंडळात कधी मतदान झालंच नव्हतं. मतदान झालं की कोण कुणाच्या विरुद्ध ते कळतं, मग ते लग्नात आठवतं, बांधावर आठवतं. त्यापेक्षा आधी चहा घ्यायचा, अण्णांचा चेहरा बघायचा आणि एकमत करायचं. वखार पूर्वी तंबाखूची होती. तो वास अजून भिंतींत आहे, त्यामुळे बैठकीत सगळे आलटून पालटून शिंकतात. शिंक आली की ठराव थोडा थांबवायचा, एवढीच काय ती आमच्याकडे चर्चा.

मग हैदराबादहून तपासणीला एक गृहस्थ आले. त्यांनी सगळी इतिवृत्तं वाचली, बऱ्याच शिंका दिल्या आणि शेरा मारला, की मंडळाच्या स्थापनेपासून एकही विरोधी मत नोंदलेलं नाही, हे सुदृढ कारभाराचं लक्षण नव्हे.

"म्हंजे आमी भांडत न्हाय, ह्यो आमचा गुन्हा व्हय?" अण्णा मला म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

गृहस्थ गेल्यावर तातडीची बैठक झाली. केशवरावांनी कायद्याच्या भाषेत मसुदा केला. यापुढे प्रत्येक बैठकीत एका सभासदाने विरोध करावा. कुणी करावा यावरून वाद नको, म्हणून पाळी लावावी. पाण्याची पाळी असते, देवाच्या पूजेची असते, तशी विरोधाची. हा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढची दोन वर्षं आमच्याकडे इतका शिस्तीत विरोध झाला की कुठल्याही विधानसभेने हेवा करावा. केशवरावांची पाळी आली की ते तासभर कलमं सांगत आणि चहा गार होई. अण्णांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वतःच ठराव मांडला, स्वतःच विरोध केला आणि अध्यक्ष म्हणून स्वतःचा विरोध फेटाळला. आक्का विरोध करून झाला की ज्याचा ठराव असेल त्याला तिळगूळ दिल्यासारखा एक लवंगेचा दाणा देत. मष्णूची पहिली पाळी आली ती नेमकी शोकठरावाच्या दिवशी. बिचारा घामाघूम झाला, पण पाळी ती पाळी.

"माझा विरोध हाय," तो उभा राहून म्हणाला. "म्हंजे... त्येंनी जायाला नको हुतं."

दुसऱ्या वर्षी हैदराबादचे गृहस्थ परत आले. मंडळात निरोगी मतभेद दिसतात, असं त्यांनी लिहून दिलं. अण्णांनी तो कागद चौकटीत बसवून भिंतीला लावला. पाटी मात्र दारामागेच होती.

हे असं हसत-खेळत चाललं असतं. पण यंदा आषाढात मी पट्ट्या तपासत फिरत असताना अण्णांच्या रानाशी आले. रस्त्याला लागून त्यांचा लांबलचक तुकडा आहे. कापूस गुडघ्याला लागत होता, देखणा होता आणि रस्त्याच्या कडेपर्यंत सगळा बीटी होता. दरसाल पाच ओळी असायच्या तिथं साधं एक रोप नव्हतं. मी दोनदा फिरून पाहिलं. मग अण्णा समोरून आले.

त्यांनी लपवलं नाही, उलट समजावून सांगितलं. गेल्या साली पट्टीवरची बोंडं किडून काळी पडली. साधा कापूस, तो किडणारच, त्यासाठीच तो लावायचा. पण जाणारे-येणारे मोटारी थांबवून बघत आणि हसत.

"रस्त्याकडंचं रान हाय, मधुवंतीबाई. किड्यांच्या मंडळाच्या अध्यक्षाचाच कापूस किडका, असं म्हणत्यात. मंडळाची अब्रू जाती. म्हणून औंदा पट्टी ठिवली न्हाय."

मंडळाची अब्रू राखण्यासाठी अध्यक्षांनी मंडळाचा एकमेव नियम मोडला होता, आणि यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पट्टी डोळ्याला दिसते म्हणून तिचा आग्रह धरणारा माणूस ती डोळ्याला दिसते म्हणूनच काढून मोकळा झाला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढं मी मनात म्हटलं. तोंडाने मी म्हटलं की मला हे बैठकीत मांडावं लागेल. मांडा की, ते म्हणाले, केशवराव काहीतरी वाट काढतील.

केशवरावांनी काढलीही. अध्यक्षांचं रान हे 'प्रात्यक्षिक क्षेत्र' समजून त्याला पट्टीतून कायमची सूट द्यावी. वकिलांना असा शब्द सापडला की ते लहान मुलासारखे खूष होतात. पण त्या रस्त्याने शंभर शेतकरी रोज जातात. अण्णांच्या रानात पट्टी नाही म्हटल्यावर पुढच्या साली कुणाच्याच रानात राहणार नव्हती, आणि मग हिरवी अळीही गुलाबीच्या वाटेने जाणार हे उघड होतं. मला राग आला होता. अण्णांचा आला, वकिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या मत नसलेल्या खुर्चीचा आला.

मी आक्कांच्या गावी गेले. त्यांना बातमी आधीच लागली होती. शेजारच्या दोघी बायकांनी दारात येऊन विचारलंही होतं, की तुमच्या भावाला पट्टी नको तर आम्हाला कशाला. आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माहेर म्हणजे अण्णा आणि अण्णा म्हणजे दरसालची नागपंचमी. पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णा स्वतः गाडी घेऊन न्यायला येतात, एकदाही चुकलेले नाहीत. तिथं चिंचेला झोका बांधलेला असतो, तंबिटाचे लाडू असतात, आणि साठीच्या आक्का वयाला न शोभेल इतका उंच झोका घेतात.

"पंचमी जवळ आलीया," आक्का एवढंच म्हणाल्या.

मला समजलं. अण्णा शांत माणूस आहे, पण चारचौघांत कुणी खोडलं तर आयुष्यभर त्या घराची पायरी चढत नाही, हे सगळ्या शिवाराला ठाऊक आहे. एका चुलतभावाशी ते अजून बोलत नाहीत, आणि तो चुलतभाऊ रोज त्यांच्या बांधावरून जातो. आक्कांना मी काही मागू शकत नव्हते. पुन्हा पाहिलं तर या महिन्यात विरोधाची पाळी मष्णूची होती. म्हटलं, मष्णू तर मष्णू. त्याला खानापुरात फोन करून पट्टीची सगळी गोष्ट समजावली. त्याने शांतपणे ऐकली आणि नेहमीप्रमाणे "व्हय" म्हणाला.

बैठकीच्या दिवशी वखारीत सगळे वेळेवर आले. केशवरावांनी प्रात्यक्षिक क्षेत्राचा ठराव वाचला. स्वतःच्या रानाचा विषय असताना अण्णांनी खुर्चीवर बसू नये, हे मी पोटनियम दाखवून हळूच सुचवलं. त्यावर अण्णा खुर्चीवरून उठले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. मग मष्णू उभा राहिला.

त्या दिवशी मष्णू खरंच बोलला. चिवट अळी, गरीब अळी, त्यांची सोयरीक, सगळं आपल्या शब्दांत सांगितलं. भातावर करपा आला तेव्हा गावातल्या मोठ्या माणसाने औषध मारलं नाही आणि सगळ्यांचं भात कसं गेलं, तेही सांगितलं. अण्णांकडे बघून म्हणाला की अध्यक्षांनीच असं केलं तर बाकीच्यांना बोलायला तोंड राहत नाही. मला वाटलं, झालं काम.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केशवराव म्हणाले की मष्णूने आजवरचा सर्वांत उत्तम विरोध केला, हैदराबादला कळवलं पाहिजे. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. अण्णा स्वतः उठून त्याला पान देऊ लागले. मष्णू गोंधळून उभाच राहिला. आपण खरं बोललो ते कुणाला सांगावं हेच त्याला कळेना, आणि मला त्याच्याकडे बघवेना. दोन वर्षं आम्ही पाळीने खोटा विरोध करत आलो होतो. आता खरा आला तर त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

"तर मग एकमत," केशवराव म्हणाले, आणि हात वर होऊ लागले.

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

त्या बसूनच होत्या. कुणाला वाटलं शिंक आली. केशवरावांनी हसत आठवण करून दिली की आक्कांची पाळी पुढच्या महिन्यात आहे.

"म्हाईत हाय. पाळी न्हाय म्हणूनच बोलाय लागलोय. पाळीचं असतं तर तुमी मलाबी पान दिऊन बसवलं असतं." मग त्या भावाकडे वळल्या. "अण्णा, तुझ्या रानाला सूट द्यायला माझं मत न्हाय. लोकांच्या दारात ह्या तोंडानं मी पट्टी मागितलीया. आता तुझ्यासाठनं त्येच तोंड फिरवू व्हय?"

वखारीत शिंकासुद्धा थांबल्या. मष्णू अजून उभाच होता. त्याने हातातलं पान टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, माझाही खरा विरोध लिहा, पाळीचा लिहू नका. मग वर गेलेला एक हात खाली आला, त्यामागून दुसरा. अण्णा उठले, टोपी घातली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. ठराव नामंजूर झाला. नामंजूर ठराव कसा लिहितात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, वकिलांनाही नाही. हैदराबादच्या गृहस्थांना हवी होती ती गोष्ट अखेर घडली होती, आणि आम्ही सगळे कुणी गेल्यासारखे बसलो होतो.

आक्का लवंग द्यायला विसरल्या होत्या. निघताना त्यांनी ती कनवटीतून काढली, अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि परत कनवटीला लावली.

पंचमी आली. आदल्या दिवशी अण्णांची गाडी आक्कांच्या दारात आली नाही. मी बेळगावात घरी होते, सासूबाईंनी नाग काढला, लाह्या फोडल्या, पण माझं लक्ष लागेना. पंचमीच्या दिवशी फोन करून विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पट्ट्या तपासायचं निमित्त काढून मी थेट आक्कांच्या घरी गेले. त्या अंगणात नेहमीसारख्या बसल्या होत्या. चहा केला. पंचमीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सगळ्या गावच्या बायका माहेराहून आणलेल्या लाडवांची ताटं इकडून तिकडे नेत होत्या. आक्कांच्या घरात ताट नव्हतं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. सुदृढ कारभार खड्ड्यात जावो, असं मी मनात म्हटलं आणि ते मी मागे घेणार नाही.

तेवढ्यात गाडी आली. अण्णा उतरले. धोतराला गुडघ्यापर्यंत काळी माती, नखांत माती, टोपी कुठे तरी राहिलेली. आधी त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. मग सरळ मलाच सुनावलं. रस्त्याकडच्या पाच ओळी उपटल्या आहेत. साधं बी टोकणलं आहे. उशीर झाला आहे, शास्त्रात किती धरतात ते मी लिहून घ्यावं. पाटी आजच भिंतीला लावायची आहे, भाषा कुठलीही वर असू दे, तिच्याखाली ते स्वतः उभे राहतील. आणि पुढच्या बैठकीत पाळीचा ठराव रद्द करायचा आहे.

"एकमतानं न्हाय झाला तरी चालंल," ते म्हणाले.

मी मान हलवली. गुडघ्याएवढं उभं पीक स्वतःच्या हाताने उपटणं काय असतं ते मला माहीत आहे. अण्णा मग अंगणात उभे राहिले आणि बोलायचं संपल्यासारखे गाडीकडे बघू लागले. आक्का तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. मान वर केली नाही.

"पंचमी काल झाली," त्या म्हणाल्या.

"काल रान उकरायचं नसतंय. न्हायतर पट्टी कालच झाली असती."

"मला न्ह्यायची पाळी चुकली तुझी."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आज पाळी न्हाय, म्हणूनच आलोय."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले. पट्टी आधी बघणार, ओळी मोजणार, मगच घरात पाय टाकणार, असं त्यांनी बजावलं. अण्णा हो म्हणाले. मग त्या आत गेल्या. मला वाटलं साडी बदलायला, सामान भरायला अर्धा तास तरी लागेल, म्हणून मी चहाचा कप परत उचलला. पण त्या लगेच बाहेर आल्या. हातात पिशवी होती, नीट भरलेली, तोंडाला गाठ मारलेली. ती परवापासूनच दाराआड ठेवलेली होती.